लिलीचा कंद लावताना

कंद हातात आलेत ना, मग लावायला उशीर करू नका. एशियाटिक लिलीच्या कंदाला कांद्यासारखी कोरडी साल नसते. नुसते पांढरे खवले, उघड्यावर ते सुकून सुरकुततात. पुण्यात मी नोव्हेंबरात लावते. वर चार-पाच इंच माती हवीच, कारण कंदाच्या वर खोडालाही मुळं फुटतात. पाणी साचलं की कंद कुजलाच, म्हणून जाड वाळू सढळ हाताने मिसळा. फुलं गेली की फक्त बोंडं खुडा, हिरवं खोड कापू नका. पुढच्या वर्षीचा कंद त्या खोडावरची पानं बनवतात त्या अन्नावरच भरतो. आपली थंडी त्याला अपुरी पडते, तेव्हा पुन्हा लावण्याआधी दीड-दोन महिने ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात), फ्रिजात, फळांपासून लांब ठेवा. आणि घरात मांजर असेल तर लिली नकोच. तिच्या परागकणांनीसुद्धा मांजराचं मूत्रपिंड निकामी होतं.