चूक माझी की बटणाची?

घरातल्या वस्तू, मोबाइल आणि ऑनलाइन सेवा वापरताना येणाऱ्या अडचणींबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : चार बर्नरची काचेची शेगडी घेऊन दोन वर्षं झाली. अजूनही मागचा डावा बर्नर पेटवायला जावं तर पुढचा पेटतो. घरात सगळ्यांचंच असं होतं. जुन्या दोन बर्नरच्या शेगडीवर कधी झालं नाही. शिवाय बटण फिरवलं की आधी मोठी आच आणि नंतर सिम, हे उलटं का?
— गृहिणी, सांगली

उत्तर : दोन वर्षांत सवय झाली नाही, म्हणजे आता होणार नाही. दोष मांडणीत आहे. बर्नर दोन रांगांत आणि बटणं एका ओळीत. चार बटणं चार बर्नरना जोडायच्या २४ तऱ्हा होतात. डावीकडची दोन बटणं डाव्या बर्नरांची, एवढं आपण न सांगता धरून चालतो. पण त्या दोघांत पुढच्याचं कुठलं आणि मागच्याचं कुठलं, हे बटणाकडे बघून कळायला काहीच मार्ग नाही. जुन्या शेगडीवर डावं बटण डाव्याचं, उजवं उजव्याचं. तिथे डोकं लावावंच लागत नव्हतं.

या गोष्टीवर अमेरिकेत चापानिस आणि लिंडेनबॉम या संशोधकांनी १९५९ मध्येच प्रयोग केला होता. चार बर्नरच्या चार मांडण्या घेऊन लोकांना पटापट बटणं दाबायला सांगितलं. ज्या मांडणीत मागचे बर्नर पुढच्यांच्या नेमके पाठीमागे न ठेवता थोडे बाजूला सरकवले होते, म्हणजे समोरून पाहिल्यावर चौघं डावीकडून उजवीकडे एकापाठोपाठ दिसत होते, तिच्यावर एकही चूक झाली नाही. चौकोनी मांडणीच्या तिन्ही प्रकारांत चुका झाल्या. तरी बाजारात चौकोनी मांडणीच जास्त दिसते, कारण तिच्यात मोठी पातेली नीट बसतात आणि ओट्यावरची जागा वाचते.

घरच्या घरी उपाय आहे. चारही बटणांवर खुणा करत बसू नका. डावं-उजवं आपल्याला आपोआप कळतं, गोंधळ फक्त पुढच्या-मागच्याचा आहे. म्हणून मागच्या दोन बर्नरांच्या बटणांवरच हाताला लागेल असा उंचवटा करा. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून एका वेळी एकच बटण सरळ ओढून काढा, म्हणजे अदलाबदल होणार नाही. साबणाच्या पाण्याने तेलकटपणा घालवा, कोरडं करा, पॉलिश पेपरने तेवढीच जागा थोडी खरखरीत करा. दोन भागांची एपॉक्सी पुटी सारखी घेऊन रंग एकजीव होईपर्यंत मळा, ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका चिकटवा आणि रात्रभर राहू द्या. ठिपका बटणाच्या निर्देशक रेघेवर नको, नाहीतर आच किती आहे ते दिसणार नाही. छापील चित्रांवर विसंबू नका. रोजच्या घासण्याने ती पुसली जातात, आणि फोडणी करपत असताना चित्र वाचायला वेळ कुणाला असतो?

मोठी आच आधी येते हे मात्र उलटं नाही, मुद्दाम केलेलं आहे. पेटवताना गॅस भरपूर आला की बर्नर चटकन आणि पूर्ण पेटतो. दुसरं म्हणजे सिम ही बटणाची शेवटची जागा, तिथे ते अडतं. आच कमी करताना हात जरा जास्त फिरला तरी शेगडी विझत नाही. सिम जर बंदच्या शेजारी असती तर दूध मंद करता करता गॅस बंद झाला असता.

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे आहेत. अक्षरं मोठी करून दिली तरी त्यांच्या हातून फोनवर भलतंच काहीतरी होतं. बोलता बोलता आवाज म्यूट होतो, आयकॉन जागा बदलतात, उघडलेलं ॲप आपोआप मागे जातं. ते म्हणतात, ‘मला हे जमणार नाही.’
— मुलगी, ठाणे

उत्तर : या तीन तक्रारींची कारणं तीन वेगळी आहेत.

म्यूट होणं : फोन कानाला लावला की वरच्या बाजूचा सेन्सर पडदा बंद करतो. जाड किंवा नीट न बसलेला स्क्रीन गार्ड, कव्हरची कड किंवा नुसता मळ त्या सेन्सरवर आला की पडदा चालूच राहतो आणि गालाने म्यूट किंवा होल्ड दाबलं जातं. कॉल चालू असताना फोनचा वरचा भाग तळहाताने झाका. पडदा काळा झाला नाही, तर गार्ड काढून पुन्हा तपासा. बहुतेक वेळा दुखणं इथेच सापडतं.

आयकॉन हलणं : वयस्कर माणसं बोट जरा जोर देऊन आणि जास्त वेळ ठेवतात. फोनच्या हिशेबात ते ‘दाबून धरणं’ होतं. अँड्रॉइडमध्ये ॲक्सेसिबिलिटीत स्पर्श करून धरून ठेवण्याचा वेळ कमी, मध्यम की जास्त, असं ठरवता येतं. तो ‘जास्त’ करा. होम स्क्रीनची मांडणी लॉक करायची सोय असेल तर तीही चालू करा.

मागे जाणं : फोन धरताना अंगठा कडेवरून सरकला की जेश्चर नेव्हिगेशन (बोट सरकवून फोन चालवायची सोय) त्याला ‘मागे जा’ समजतं. सेटिंगमध्ये खालची तीन बटणं परत आणा.

अक्षरं मोठी करून उपयोग झाला नाही, कारण ‘फॉन्ट साइझ’ने फक्त मजकूर वाढतो, बटणं तेवढीच राहतात. ‘डिस्प्ले साइझ’ वाढवलं की बटणंही मोठी होतात. दोन्ही एकदम शेवटच्या टोकाला नेऊ नका. काही ॲपमध्ये खालची बटणं पडद्याबाहेर जातात आणि ‘पैसे पाठवा’ सापडेनासं होतं. एकेक पायरी वाढवा आणि ते रोज वापरतात ती चार-पाच ॲप उघडून बघा. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनानुसार स्पर्शाची जागा निदान ४८ डीपी, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर असावी. त्याहून बारीक फुली टिपायला तरुण बोटालाही कष्ट पडतात. कोरड्या त्वचेच्या बोटांना पडदा कमी दाद देतो. फोनमध्ये ‘टच सेन्सिटिव्हिटी’ असेल तर ती वाढवा. आणि ‘पॉवर बटणाने कॉल संपवा’ हेही चालू करून द्या, त्यांना ते आवडेल.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेने सभासदांसाठी ऑनलाइन अर्ज सुरू केला. अर्धवट आणि चुकीचे अर्ज इतके येतात की शेवटी फोन करून आम्हीच भरतो. अर्ज मराठीत आहे, मग अडतं कुठे? आणि मराठीत पाठवलेल्या एसएमएसचं बिल दुप्पट-तिप्पट का येतं?
— कर्मचारी, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : अर्ज इंग्रजीत विचार करून मराठीत उतरवला की अडतो. तुमचा पहिलाच रकाना घ्या : ‘पहिले नाव’. आपल्याकडे आडनाव आधी लिहायची रीत आहे, त्यामुळे निम्मे सभासद तिथे आडनाव लिहितील आणि त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच असेल. ‘तुमचे नाव’, ‘वडिलांचे किंवा पतीचे नाव’, ‘आडनाव’ असे तीन रकाने करा. त्याहून बरं म्हणजे एकच रकाना : ‘आधार कार्डावर आहे तसे पूर्ण नाव’.

आयएफएससी कोड ११ अक्षरांचा असतो. पहिली चार इंग्रजी अक्षरं बँकेची, शेवटची सहा शाखेची आणि मधलं पाचवं नेहमी शून्य. लोक तिथे इंग्रजी ‘ओ’ टाकतात. पासबुकावर दोन्ही सारखंच दिसतं. पाचव्या जागी ‘ओ’ आला तर संगणकानेच त्याचा शून्य करावा, लहान लिपीतली अक्षरं मोठी करावीत. सभासदाला परत पाठवण्यासारखं त्यात काही नाही.

मराठी कीबोर्डवर टंकणारा माणूस आकडेही मराठीत टाकतो : ९८… तुमचा अर्ज ‘अवैध क्रमांक’ म्हणतो आणि त्याला समजत नाही की चुकलं काय. दहा देवनागरी आकड्यांना दहा इंग्रजी आकडे जोडून देणं हे प्रोग्रामरचं पाच मिनिटांचं काम आहे. मोबाइल क्रमांकातून मोकळ्या जागा, आधीचा शून्य आणि +९१ आपोआप गाळा. आधारचे १२ आकडे कार्डावर चार-चारच्या गटात असतात, म्हणून मधल्या जागांसकट ते स्वीकारा.

जन्मतारखेला कॅलेंडर देऊ नका. ते आजच्या महिन्यावर उघडतं. १९५८ साली जन्मलेल्या आजोबांना महिना-महिना मागे जायला आठशेच्या वर टिचक्या लागतील. दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे रकाने पुरतात.

नावाच्या लांबीची मर्यादा तपासा. ‘लक्ष्मी’ आपल्याला दोन अक्षरं दिसतात, पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसूचीत, ती सात चिन्हं आहेत (ल, क, हलन्त, ष, हलन्त, म, वेलांटी) आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत २१ बाइट. ‘कमाल ३० बाइट’ अशा रकान्यात लांब आडनाव मधेच तुटतं, कधी कधी नुसता पाय मोडून.

रकान्यात फिकट अक्षरांत लिहिलेली सूचना टंकायला लागताच नाहीशी होते. ती रकान्याच्या वर, कायम दिसेल अशी ठेवा. फोटो ‘५० केबीपेक्षा कमी’ असं सांगू नका. फोनच्या कॅमेऱ्याचा फोटो काही एमबीचा असतो, तो लहान करणं तुमच्या अर्जाचं काम. आणि सगळ्यात चीड आणणारी गोष्ट : एक चूक निघाली की संपूर्ण अर्ज कोरा होणं. भरलेलं तसंच ठेवून चुकलेल्या रकान्याखालीच लिहा : ‘खाते क्रमांकात एक आकडा कमी आहे’.

हे सगळं एकदम बदलू नका. आठवडाभर कुठला रकाना किती वेळा नाकारला गेला ते मोजा आणि सगळ्यात जास्त वेळा नाकारलेले तीन आधी दुरुस्त करा.

एसएमएसचं म्हणाल तर साध्या इंग्रजी संदेशात १६० चिन्हं बसतात. त्यात एक जरी देवनागरी अक्षर आलं तर पूर्ण संदेशाची मर्यादा ७० होते. लांब संदेश तुकड्यांत जातो तेव्हा प्रत्येक तुकड्यात अनुक्रमे १५३ आणि ६७. काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. इंग्रजी संदेशात ‘₹’ टाकलं तरी हेच होतं. म्हणून संदेशाचा साचा (टेम्प्लेट) डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या संदेश-नोंदणी व्यवस्थेत, नोंदवण्याआधी चिन्हं मोजा. ‘आदरणीय सभासद महोदय’ काढून टाकलं तर बहुधा एक तुकडा वाचेल. कुणाला राग येणार नाही.

प्रश्न : द्राक्ष बागायतदारांसाठी फवारणीच्या नोंदींचं ॲप करतो आहोत. चाचणीला पैसे नाहीत. किती लोकांवर आणि कशी करावी?
— अभियांत्रिकीचे विद्यार्थी, नाशिक

उत्तर : आधी पाच जणांवर. नील्सन आणि लँडॉवर या वापरसुलभतेच्या अभ्यासकांच्या १९९३ च्या हिशेबाप्रमाणे एका वापरकर्त्याकडून सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होतात, पाच जणांत सुमारे ८५. पाच झाले की दुरुस्ती, मग नवे पाच. एकदम पंधरा जणांकडून तेच ते ऐकण्यापेक्षा हे बरं. पण बागेचा मालक नोंदी बघणारा आणि फवारणी करणारा गडी त्या टाकणारा असेल, तर ते दोन गट धरा.

काम सांगताना बटणाचं नाव उच्चारू नका. ‘नवीन नोंद दाबा’ म्हटलंत की चाचणी संपली. ‘काल सकाळी एक नंबरच्या प्लॉटला बुरशीनाशक मारलं, ते लिहून ठेवा’ असं म्हणा. मग गप्प बसा. ‘हे दाबू का?’ विचारलं तर ‘तुम्हाला काय वाटतं?’ एवढंच. हे गप्प बसणं फार जड जातं, विशेषतः ज्याने तो पडदा बनवला त्याला. म्हणून चाचणी दुसऱ्याने घ्यावी. प्रत्येक कामापुढे तीनच शेरे : स्वतः जमलं, मदतीने जमलं, जमलं नाही. अडला तेव्हा त्याची नजर आणि बोट कुठे होतं, तेही टिपा.

चाचणी खोलीत घेऊ नका. बागेत, उन्हात, ओल्या हाताने घ्या. राखाडीवर राखाडी अक्षरं तिथे नाहीशी होतात. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट) निदान ४.५ : १ ठेवा. रेंज नसताना नोंद फोनमध्ये साठते का, हेही तिथेच कळेल.

मात्रेच्या रकान्याकडे विशेष लक्ष द्या. ‘मिली प्रति लिटर’ की ‘मिली प्रति एकर’ हे रकान्याच्या शेजारी ठळक आणि कायमचं छापलेलं असू द्या. एककाची यादी निवडायला दिली की आधी दिसेल तेच राहतं. २.५ मधला ठिपका उन्हात दिसत नाही आणि नोंद २५ ची होते. नेहमीच्या मात्रेच्या फार बाहेरचा आकडा आला तर ॲपने थांबून तो आकडा मोठ्या अक्षरात परत दाखवावा.

‘सिस्टिम युजेबिलिटी स्केल’ (ॲप वापरायला किती सोपं वाटलं याची दहा वाक्यांची प्रश्नावली, प्रत्येक वाक्याला १ ते ५ गुण) वापरणार असाल तर विषम क्रमांकाच्या वाक्यांच्या गुणांतून १ वजा, सम वाक्यांचे गुण ५ मधून वजा, सगळ्यांची बेरीज गुणिले २.५. येणारा आकडा टक्केवारी नव्हे. ६८ हा सरासरी समजला जातो. पाच जणांवरून काढलेला आकडा प्रकल्पाच्या अहवालात मिरवू नका.

प्रश्न : तिकीट काढताना विम्याची खूण आधीच केलेली असते. हे चालतं का?
— वाचक, पणजी

उत्तर : नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या मांडणीचे १३ प्रकार बंद करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. न विचारता टोपलीत वस्तू घुसवणं त्यात आहे. पैसे भरण्याआधीच्या पडद्याचा स्क्रीनशॉट ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा.

प्रश्न : दवाखान्याच्या काचेच्या दारावर ‘ओढा’ असा मोठा स्टिकर आहे. तरी पेशंट ढकलतात. स्टिकर आणखी मोठा करावा का?
— डॉक्टर, अकोला

उत्तर : स्टिकर काढा आणि मुठी बघा. दोन्ही बाजूंना सारखीच उभी मूठ असणार. मूठ दिसली की हाताला वाटेल ते तो करतो, वाचणं नंतर. ज्या बाजूने ढकलायचं त्या बाजूची मूठ काढून तिथे तळहात बसेल एवढी सपाट स्टीलची पट्टी लावा. मूठ फक्त ओढायच्या बाजूला राहू द्या. काचेतली भोकं तीच वापरता येतात का, ते आधी काचवाल्याला विचारा. टफन काचेला नंतर भोक पाडता येत नाही, ती फुटते. पट्टी लागेपर्यंत स्टिकर ठेवायचाच असेल, तर मागून अपारदर्शक कागद लावा. सध्या आत बसलेल्यांना तो काचेतून उलटा दिसतो, आणि नेमकं त्यांनीच दार ढकलायचं असतं.