ट्युटरला आधी थांबायला शिकव

रत्नागिरी

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

पीअर ट्युटर, म्हणजे आपल्याच कॉलेजातल्या मुलांना शिकवणारे विद्यार्थी, तयार करायचं काम कॉलेजने तुझ्याकडे दिलं, हे फार चांगलं झालं. तुझा आराखडा वाचला. त्यात विषयाच्या उजळणीला दोन दिवस आहेत आणि ‘विद्यार्थ्याशी संवाद’ याला अर्धा तास. हे प्रमाण उलटं कर. विषय त्या मुलांना येतोच. येत नाही ते समोरचा अडखळला असताना गप्प राहणं.

निवडताना नुसते पहिले नंबर बघू नकोस. प्रत्येकाला एक संकल्पना पाच मिनिटांत समजावून सांगायला लाव आणि मग म्हण, ‘आता हेच दुसऱ्या तऱ्हेने सांग.’ जो तेच वाक्य फक्त मोठ्याने म्हणतो, त्याची तयारी अजून व्हायची आहे.

प्रशिक्षणाला तीन-तीन तासांचे दोन शनिवार दे. तिघांचे गट कर: एक ट्युटर, एक विद्यार्थी, एक निरीक्षक. दर दहा मिनिटांनी भूमिका बदलायच्या. निरीक्षकाने दोनच गोष्टी टिपायच्या, कोण किती वेळ बोललं आणि पेन कोणाच्या हातात होतं. पेन ट्युटरकडे गेलं की विद्यार्थी प्रेक्षक होतो.

मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात दाखवून दिलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंदच थांबतात. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलंही तोंड उघडतात. इंग्रजी प्रश्न मनात मराठीत आणून उत्तर परत इंग्रजीत नेणाऱ्याला तेवढेही अपुरे पडतात, म्हणून तुझ्या ट्युटरांना मनात पाच मोजायची सवय लाव.

सराव खऱ्या चुकांवर घे. समज, ०.१ मोलर (म्हणजे एका लिटरला ०.१ मोल) सोडियम हायड्रॉक्साइडचं, म्हणजे कॉस्टिक सोड्याचं, २५० मिलि द्रावण करायचं आहे, किती ग्रॅम घ्यावं लागेल? त्याचा एक मोल ४० ग्रॅमचा. विद्यार्थ्याने ०.१ × २५० × ४० करून १००० ग्रॅम लिहिलं. ‘अरे, मिलिचे लिटर कर’ हे ट्युटरच्या अगदी ओठावर येतं. ते सांगितलं तर हे गणित सुटतं आणि पुढचं पुन्हा तिथेच अडतं. त्याऐवजी विचारावं, ‘पाव लिटरच्या या फ्लास्कमध्ये एक किलो कॉस्टिक मावेल?’ आणि थांबावं. बरेचदा विद्यार्थी स्वतःच मागे जाऊन एकक तपासतो आणि १ ग्रॅमवर येतो. नाही आला, तर पुढचा प्रश्न: ‘एक मोलर म्हणजे किती द्रावणात किती मोल?’ इथे पुष्कळदा कळतं की अडचण गुणाकाराची नाहीच, भाषेची आहे. मराठी माध्यमातून आलेल्याला ‘द्रावण’ पक्कं माहीत असतं. ‘सोल्यूशन’ म्हटलं की त्याला गणिताचं उत्तर आठवतं. समजावणं मालवणीत, संगमेश्वरीत, उर्दूत, कशातही होऊ दे. शेवटची पाच मिनिटं मात्र विद्यार्थ्याने परीक्षेच्या भाषेत स्वतः लिहायचं. त्याच्या बोलीला कोणी हसलं तर तो परत येणार नाही, हे ट्युटरांना स्पष्ट सांग.

दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी वेगळा तास ठेव. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, ते पाठ करून घेण्याची गरज नाही. ‘तुला कसं सोयीचं पडेल?’ हे विचारायला शिकव. अंध विद्यार्थ्यासमोर ‘हे इकडे घेतलं’ असं म्हणून चालत नाही, ‘तीन समीकरणाच्या उजवीकडे नेले’ असं म्हणावं लागतं. नोट्सचा फोटो स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) सहसा नीट वाचू शकत नाही. जुन्या मराठी फॉन्टमधल्या फाइलचाही तो अर्थहीन अक्षरांचा गोंधळ करतो. मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेलाच हवा. श्रवणयंत्र वापरणाऱ्याला पत्र्याच्या छपराखाली पावसात बसवू नका, यंत्र तो आवाजही वाढवतं. स्लॅबची खोली मागून घे, आणि ओठ दिसावेत म्हणून ट्युटरच्या चेहऱ्यावर उजेड असू दे.

वेळापत्रक एसटीच्या वेळा बघूनच लाव. गावाकडची शेवटची गाडी चुकणार असेल तर गरजू मुलं मदत सोडून गाडीच धरतील, म्हणून दोन लेक्चरांच्या मधली वेळ घे. १ ऑगस्टला मासेमारी सुरू झाली की बंदरावरची काही मुलं गैरहजर राहतील, आंब्याच्या हंगामात बागांतली. त्यांना आळशी ठरवू नये. मागचं भरून काढायला एका पानाच्या सरावपत्रिका छापून ठेव, पावसात वीज आणि नेट दोन्ही जातात.

ट्युटरने विद्यार्थ्याचं प्रॅक्टिकलचं जर्नल लिहून देणं पहिल्याच दिवशी बंद कर, नाहीतर सगळी योजना त्यातच बुडते. घरच्या किंवा मनाच्या गंभीर अडचणी ट्युटरने स्वतःच्या डोक्यावर घ्यायच्या नाहीत. तुझ्याकडे पाठवायचं आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्यायचा. एका ट्युटरला आठवड्याला चार तासांहून जास्त काम देऊ नकोस, त्याचीही परीक्षा असते.

पहिल्या शनिवारसाठी जुन्या चाचण्यांतली वीसेक चुकलेली उत्तरं, नावं झाकून, झेरॉक्स करून ठेव. त्यातली कोणती घ्यायची ते ठरवायला मला आधी पाठव.

तुझा शुभचिंतक