एकाच रायफलीत शिकार आणि नेमबाजी: कॅलिबर ठरवण्याआधी विचारायचा प्रश्न

तुमची शिरपूरकडे बागायत आहे, रानडुकरे मका आणि केळीचे खोड उकरून नुकसान करतात, रोही (नीलगायी) हरभऱ्यात शिरतात, शिवाय तुम्हाला नेमबाजीही शिकायची आहे. म्हणून दोन्हींसाठी एकच रायफल घ्यायची झाल्यास .२२ घ्यावी, .३१५ घ्यावी की .३०-०६, असे तुम्ही विचारले आहे. या आकड्यांचा पहिला भाग म्हणजे कॅलिबर, नळीचा इंचांतला आतील व्यास. माझे उत्तर असे की दोन्हींसाठी एक रायफल घेऊच नये, आणि आधी घ्यायची ती .२२ असावी. हा प्रश्न आमच्या घरात बरीच वर्षे धुमसत असल्यामुळे मी थोडे सविस्तर लिहितो.

बहुतेक लोक जनावराच्या आकारावरून कॅलिबर ठरवतात, आणि मला ती पद्धत मुळातच मान्य नाही. माझ्या मते पाहायच्या गोष्टी दोन आहेत. पहिली, गोळी चुकली किंवा जनावराच्या आरपार गेली तर ती कुठे जाऊन थांबेल. दुसरी, त्या बोअरची, म्हणजे कॅलिबरची, काडतुसे वर्षभर सरावासाठी झाडणे तुम्हाला परवडते का, आणि परवान्यावर नोंदलेल्या वार्षिक मर्यादेत ते बसते का. या दोहोंची उत्तरे समाधानकारक नसतील, तर .३०-०६ हातात असूनही उपयोग नाही.

आमचे शेत यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्यापासून बरेच खाली, काळ्या सपाट जमिनीत आहे. काही वर्षांपूर्वी मक्याचे फार नुकसान झाल्यावर माझे थोरले चुलतबंधू, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, आणि मी अशा दोघांच्या नावे रानडुकरे मारण्याची वनखात्याची लेखी परवानगी मिळाली. अण्णांकडे नवी .३०-०६ होती आणि माझ्याकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअर, म्हणजे छऱ्यांची बंदूक. पहाटे उजाडता उजाडता कळप मक्यातून निघून नाल्याकडे परतू लागला. सर्वांत मोठा नर बांधावर आडवा उभा राहिला, अंतर साठ-सत्तर पावले असेल, आणि अण्णांनी रायफल खांद्याला लावली. जनावराच्या मागे कोणतेही टेकाड नव्हते, मातीचा उंचवटा नव्हता. दूर शिवाररस्त्यावरून केळी कापणीच्या मजुरांना घेऊन टेम्पो येत होता आणि त्याच्या अलीकडे आमच्या सालदाराचे घर होते. .३०-०६ ची १८० ग्रेनची (सुमारे १२ ग्रॅमची) गोळी नळीतून सुमारे ३,९०० ज्यूल ऊर्जा घेऊन निघते आणि मोकळ्या माळावर तीन किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. डुकराच्या अंगातून ती आरपार जाणार, हे गृहीतच धरावे लागते. मी रायफलीच्या बोल्टवर (काडतूस आत-बाहेर करणाऱ्या दांड्यावर) हात ठेवला आणि त्यांना गोळी झाडू दिली नाही. नर निघून गेला. अण्णांनी तो प्रसंग मला अजून माफ केलेला नाही, आणि मला मात्र त्या सकाळी केलेल्या कामाचा आजही अभिमान आहे.

पुढे जे घडले तोच आमच्या वादाचा खरा विषय आहे. थोड्या वेळाने कळपातील एक मादी नाल्याच्या पात्रात उतरली. पलीकडचा काठ दोन पुरुष उंच मातीचा होता, म्हणजे गोळी अडवायला नैसर्गिक भिंतच होती, आणि मीच अण्णांना आता मारा म्हणालो. गोळी खांद्यामागे बसायची ती मागच्या मांडीत बसली. त्यांनी लगेच बोल्ट ओढून पुन्हा नेम धरला आणि चाप दाबला, पण ते काडतूस जुने होते, ते वाजलेच नाही. मी अगदी शेजारी उभा होतो, त्यामुळे मला स्पष्ट दिसले की स्फोट झालेला नसतानाही चाप दाबताक्षणी नळीचे टोक चार बोटे खाली गेले. धक्का बसणार या भीतीने खांदा आधीच पुढे झेपावतो आणि हात नळी खाली दाबतो. पहिली गोळी मांडीत का गेली, याचा पुरावा त्या न वाजलेल्या काडतुसाने दिला होता. जखमी मादी केळीच्या बागेत शिरली. वनरक्षकाला सोबत घेऊन रक्ताच्या खुणांवरून आम्ही तिला उन्हे चढेपर्यंत शोधत होतो, आणि शेवटी दहा-पंधरा पावलांवरून बारा बोअरने तिचा शेवट करावा लागला. दाट बागेत जखमी रानडुकराच्या मागे जाणे किती धोक्याचे असते, हे ज्याने केले आहे त्यालाच कळेल. आणि त्या जनावराने तेवढा वेळ जे सोसले त्याची जबाबदारी माणसाचीच होती.

अण्णांचे मत त्या दिवसापासून ठाम आहे की कॅलिबर कमी पडले, .३७५ असती तर मादी जागच्या जागी पडली असती. १९१२ साली हॉलंड अँड हॉलंडने काढलेले .३७५ मॅग्नम हे आफ्रिकेतील मोठ्या जनावरांसाठी नावाजलेले कॅलिबर आहे, पण मांडीत लागलेली .३७५ ची गोळीही मांडीतच लागते. उलट तिचा धक्का .३०-०६ पेक्षा कितीतरी जास्त, म्हणजे नळी आणखी खाली जाणार. अण्णा वर्षाकाठी जेमतेम मूठभर काडतुसे झाडत असत, तीही दसऱ्याला शस्त्रपूजनाच्या सुमारास साफसफाई केल्यावर. त्यांनी तोच वेळ .२२ वर घालवला असता तर .३०-०६ पुरेशीच नव्हे, गरजेपेक्षा जास्त होती.

.२२ ला आमच्याकडे चिमण्या मारायची बंदूक म्हणतात, आणि हे ऐकले की मला राग येतो. पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने) कांस्यपदक मिळवले ते याच .२२ वर, आणि तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (झोपून) विश्वविजेती झाली तीही याच .२२ वर. पन्नास मीटरवरच्या लक्ष्यातील दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. धक्का जवळजवळ नसल्यामुळे या रायफलीवर श्वास, चाप आणि नेम यांतील प्रत्येक दोष उघडा पडतो. पंधरा-वीस काडतुसांनंतर खांदा दुखून सराव आटोपता घ्यावा लागत नाही. तुम्ही अगदी नवखे असाल तर त्याच्याही आधी .१७७ ची एअर रायफल घ्या. नळीवरची ऊर्जा २० ज्यूलच्या आत असेल तर तिला परवाना लागत नाही, आणि दहा मीटरची जागा घराच्या ओसरीवरही निघते, फक्त मागे गोळी अडवणारी पक्की पेटी हवी.

मात्र .२२ ने डुक्कर किंवा रोही मारायचा विचारही करू नका. दीडशे ज्यूलच्या आसपास ऊर्जेची ती गोळी मोठ्या जनावराला फक्त जखमी करते.

.३१५ बद्दल तुम्ही विशेष विचारले आहे. ब्रिटिश काळात लष्कराच्या .३०३ चे काडतूस नागरिकांच्या रायफलीत बसू नये, म्हणून ऑस्ट्रियन मॅनलिखरच्या ८ मिलिमीटर काडतुसावर आधारलेले हे बोअर इकडे रुजले, आणि आजही .३०३ व ७.६२ ही निषिद्ध, म्हणजे नागरिकांना न मिळणारी, बोअर आहेत. आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या आयुध निर्माणीत ७.६२ ची काडतुसे बनतात, पण ती तुमच्या-माझ्यासाठी नाहीत. .३१५ ची जड गोळी सुमारे ३,००० ज्यूलने निघते आणि शंभर मीटरच्या आत रानडुकराला पुरेशी आहे. पण उघड्या साइटवर लक्ष्यनेमबाजीसाठी तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. .३०-०६ अधिक अचूक आहे, दुर्बीण बसवली तर दूरवर उपयोगी आहे, आणि आपल्या शेतात तेवढे दूर मारण्याची वेळ क्वचितच येते. दाट केळीत किंवा मक्याच्या कडेला तीस मीटरच्या आत मी या दोन्ही रायफली बाजूला ठेवून एलजी (मोठ्या छऱ्यांची काडतुसे) भरलेली बारा बोअरच उचलेन.

आता काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या येथे सांगतो. हौसेची शिकार या देशात नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली, पिकाच्या नुकसानीसाठी सुद्धा, वनखात्याची लेखी परवानगी हातात असल्याशिवाय चापाला बोट लावू नये. मारलेले जनावर सरकारची मालमत्ता असते, त्याचे मांस घरी नेता येत नाही. नुकसानभरपाईचा अर्ज हा मार्ग बंदुकीपेक्षा सोपा आहे आणि तो आधी करावा. तुमचे शेत खरोखर सातपुड्याच्या उताराला लागून असेल, जनावराच्या मागे डोंगराची माती असेल, तर रायफलीबद्दलचा माझा आक्षेप बराच सौम्य होतो. एलजी पस्तीस मीटरच्या पुढे विखुरते आणि जखमीच करते, त्यामुळे बारा बोअरचे माझे समर्थन त्या अंतरापुरतेच समजावे.

शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रे ठेवता येतात, म्हणून परवान्यावरच्या पहिल्या जागेवर काय नोंदवता याला फार महत्त्व आहे. अण्णांनी त्यांच्या परवान्यावरची दुसरी जागा .३७५ साठी राखून ठेवली आहे. तेथे .२२ नोंदवून घ्यावी, पावसाळाभर रेंजवर जाऊन झोपून, गुडघ्यावर आणि उभ्याने सराव करावा, आणि नंतर पुन्हा .३०-०६ हातात घ्यावी, असे मी त्यांना प्रत्येक दिवाळीला सांगतो. तुमचा परवाना अजून कोरा असेल तर तुम्ही याच क्रमाने सुरुवात करा.