प्रमाणपत्र हातात पडल्याशिवाय स्पर्धेचं गाव सोडू नकोस

तू लिहिलंयस की बॉक्सिंगच्या राज्य स्पर्धेत 51 किलोच्या वजनगटात कांस्य मिळालं, प्रमाणपत्र "नंतर पाठवू" म्हणाले, तुमच्या जिल्ह्यात संघटना दोन आहेत, आणि सर आता 48 मध्ये उतर म्हणतायत कारण तिथे मुली कमी असतात. पुढे पोलीस भरती करायची आहे. यातलं जवळपास सगळं मी भोगलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

बँडेज, गमशील्ड, स्पॅरिंग कोणाशी करायचं, हे जिममध्ये शिकवतच असतील. मी फक्त कागदांचं सांगते, कारण ते कोणी शिकवत नाही.

ऑगस्ट 2012 मध्ये लंडनला महिला बॉक्सिंग पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं आणि मेरी कोमने कांस्य आणलं. आमच्या जिममध्ये एकदम मुली दिसायला लागल्या. त्याच डिसेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने भारताच्या महासंघाला निलंबित केलं. 2014 मध्ये नवी संघटना आली, तीही पुढच्या वर्षी गेली. आजची बॉक्सिंग फेडरेशन ऑफ इंडिया उभी राहिली ती 2016 मध्ये. त्या मधल्या वर्षांत आम्ही खेळतच होतो. रिंग तीच, समोरच्या मुली त्याच, फक्त प्रमाणपत्रावरचं नाव बदलत होतं. सराव करणाऱ्या पोरींना याची कल्पनाही नव्हती.

मग मी खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणातून अर्ज करायला गेले. ज्या कार्यालयात कागद द्यायचे होते त्याचं नाव घेत नाही. तिथे विचारलं, स्पर्धेच्या दिवशी ही संघटना मान्यताप्राप्त होती याचं पत्र आणा. पत्र देणारी संघटनाच उरली नव्हती. ते सांगितलं तर म्हणे तुमच्या वजनगटात किती जणी होत्या, तुम्ही बाउट (लढत) खेळून जिंकलात की बाय मिळाली (समोर कोणी नसल्याने न खेळताच पुढे गेलात), त्याचं निकालपत्रक आणा. जुन्या सचिवांकडून तेही मिळवलं, तर साहेब रजेवर. नकार दरवेळी तोंडी. लेखी द्या म्हटलं की "उद्या या". तेवढ्यात अर्जाची मुदत संपली आणि पुढच्या भरतीला माझं वय बसेना. आजही याचा राग आहे. तोंड सुजवून मिळवलेलं पदक एका टेबलावर अडून राहतं, आणि अडवणाऱ्याला त्याचा कोणालाच जाब द्यावा लागत नाही.

म्हणून माझं ठाम मत: कुठल्याही कार्यालयात कागद दिलास की पोच घे, आवक क्रमांक टाकून. त्रुटी असेल तर लेखी माग. देत नसतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाक. तोंडी नकाराला अपील करता येत नाही. (मी वकील नाही. शासन निर्णय बदलत असतात, जाहिरातीच्या वेळी लागू असलेला स्वतः वाच, सरांच्या ऐकीव माहितीवर जाऊ नकोस.)

दोन संघटनांपैकी कोणती, याचं उत्तर जिल्ह्यात शोधू नकोस. राज्य संघटनेला विचार की तुमच्याशी संलग्न कोण, आणि उत्तर ईमेलवर घे. नाव, जन्मतारीख, वजनगट, स्पर्धेच्या तारखा प्रमाणपत्रावर नीट आहेत का ते तिथेच वाच. आधार आणि शाळेच्या दाखल्यावरच्या स्पेलिंगशीही जुळवून बघ.

आता 48 चं. तुझ्या सरांचा अनादर करायचा नाही, पण मुली कमी म्हणून वजनगट निवडणं मला पटत नाही. दोनच मुली असलेल्या गटातलं रौप्य म्हणजे एकही बाउट न जिंकता मिळालेलं पदक, आणि नेमका तोच प्रश्न तुला टेबलावर विचारतील. शिवाय आपल्याकडे वजन एकदाच होत नाही, ज्या दिवशी बाउट त्या दिवशी सकाळी पुन्हा काट्यावर उभं राहावं लागतं. पाणी तोडून एक दिवस 48 दाखवशील, चौथ्या दिवशी काय करशील? मेरी कोम एरवी 48 ची, लंडनला तो गटच नव्हता म्हणून 51 मध्ये जाऊन तिच्याहून उंच मुलींशी खेळली. निखत झरीन उलट 2022 ला 52 मध्ये आणि 2023 ला 50 मध्ये विश्वविजेती झाली, म्हणजे खाली येता येतं. पण राष्ट्रीय शिबिरात त्यासाठी डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ असतात. आपल्या जिममध्ये वजनकाटा तरी बरोबर असतो का? पाळी अनियमित झाली असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा, मी डॉक्टर नाही.

आणखी एक. 18 च्या वरच्या मुलींकडून गर्भवती नसल्याचं घोषणापत्र घेतात. पहिल्यांदा हातात पडलं की मुली गोंधळतात, घरचे चिडतात. तो नियमाचा भाग आहे, शांतपणे सही कर.

घरचे "मुलीच्या जातीला हे कशाला" म्हणत असतील तर नागपूरची अल्फिया पठाण 2021 मध्ये आणि पुण्याची देविका घोरपडे 2022 मध्ये युवा विश्वविजेती झाली, हे दाखव. माझ्या आईला दाखवायला तेव्हा महाराष्ट्रातलं असं एकही नाव माझ्याकडे नव्हतं.

तुझ्या गटाच्या ड्रॉचा (कोण कोणाशी खेळणार त्या तक्त्याचा) फोटो तुझ्याकडे आहे का ते आधी कळव. नसेल तर त्या गटातल्या बाकीच्या मुलींना आजच विचार, भिंतीवर लावलेला ड्रॉ कोणाच्या तरी पालकांनी मोबाईलमध्ये काढलेला असतोच. तो हातात आला की संघटनेला लिहायच्या पत्राचा मसुदा मी करून देते.