रोज कोंड्याची बिस्किटं खातो, तरी सोल्युबल फायबरसाठी वेगळं काही खायला हवं का? पावडर चालेल का?

हो, खायला हवं. सोल्युबल म्हणजे पाण्यात विरघळणारं फायबर, त्याचं काम कोंड्याने होत नाही. आमच्या घरात या एका गोष्टीवरून इतकी वर्षं वाद चाललाय की तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवलं नाही.

आईच्या रक्ततपासणीत एलडीएल, म्हणजे वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल, वाढलेलं आलं. पोट साफ न होण्याची तक्रार तर जुनीच होती. दादाने लगेच तिच्या खाण्याची सूत्रं हातात घेतली. ‘फायबर म्हणजे फायबर, त्यात डावं-उजवं काय?’ हे त्याचं ठाम मत. मग गव्हाचा कोंडा आणला आणि आईच्या ताटात जे पडेल त्यात तो मिसळायला लागला. शिवाय सकाळी सफरचंदाचा गाळलेला रस. आईला तो कोंडा घशाखाली उतरायचा नाही, वर पोट फुगायचं. पण थोरल्या मुलाने मायेने केलंय म्हणून ती मुकाट्याने खायची. मला राग यायचा तो त्याचाच. मी काही बोलले की ‘तू डॉक्टर आहेस का?’ डॉक्टर तोही नाही.

शेवटी एकदा त्याच्यासमोर दोन ग्लास पाणी घेतलं. एकात चमचाभर कोंडा, दुसऱ्यात चमचाभर इसबगोल. ढवळून ओट्यावर ठेवले आणि चहा टाकला. चहा होईपर्यंत कोंडा तळाशी जाऊन बसला होता, वर नुसतं पाणी. इसबगोलचा ग्लास तिरका केला तर आतला सगळा गोळा काठापर्यंत सरकला, पण सांडेना. दादा म्हणाला, ‘असला लगदा आईच्या पोटात घालायचा?’

घालायचा. सगळं काम तो लगदाच करतो. त्याच्यामुळे जठर सावकाश रिकामं होतं, साखर रक्तात हळूहळू उतरते आणि जेवणानंतर एकदम चढत नाही. कोलेस्टेरॉलचं गणितही इथेच आहे. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं. चरबी पचवून झाली की त्यातली बहुतेक लहान आतड्याच्या शेवटी पुन्हा शोषली जातात आणि यकृताकडे परत जातात. या चिकट लगद्यात ती अडकली की शौचावाटे बाहेर पडतात. यकृताला नवी बनवावी लागतात, त्यासाठी ते रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. गव्हाचा कोंडा पाण्यात असा फुलून घट्ट होत नाही, त्यामुळे हे त्याला जमत नाही. तो मळाचं आकारमान वाढवतो, आणि ज्याला सोसतो त्याने जरूर खावा. पण एलडीएलसाठी कोंडा खाणं व्यर्थ आहे.

हे माझं घरगुती संशोधन नाही. ओटमधलं बीटा-ग्लुकन, म्हणजे त्यातलं सोल्युबल फायबर, रोज ३ ग्रॅम पोटात गेलं तर हृदयविकाराचा धोका कमी व्हायला मदत होऊ शकते, असं पाकिटावर छापायची परवानगी अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने (एफडीए) १९९७ मध्येच दिली. पुढच्याच वर्षी इसबगोललाही दिली, तिथे प्रमाण ७ ग्रॅम सोल्युबल फायबरचं. ३ ग्रॅम बीटा-ग्लुकनसाठी साधारण ७५ ग्रॅम कोरडे ओट लागतात, म्हणजे चांगला मोठा वाडगा. दह्यावर चमचाभर भुरभुरवून काही होणार नाही. नेमाने घेतलं तर एलडीएल साधारण ५ ते १० टक्के उतरतं.

ओट नको असतील तर जव घ्या, त्यातही बीटा-ग्लुकन असतं. राजमा, मसूर, बाकीची कडधान्यं. सफरचंद, संत्रं, पेर यांत पेक्टिन नावाचं सोल्युबल फायबर असतं, पण फळ चावून खाल्लं तर. गाळलेल्या रसात पेक्टिन फारसं उरत नाही, साखर मात्र जवळजवळ सगळी उतरते. रसाचा तो ग्लास मी बंद केला आणि आईला फळ कापून द्यायला लागले. सकाळी ओट, जेवणात कडधान्य, कोंडा पूर्ण बंद. पोट फुगणं थांबलं, साफही व्हायला लागलं. पुढच्या तपासणीत एलडीएल खाली आलं होतं. दादा म्हणतो, ते कोलेस्टेरॉलच्या गोळीमुळे. गोळी चालू होती हे खरं, सगळं श्रेय ओटला मी देणारही नाही. पण पोट काही कोलेस्टेरॉलच्या गोळीने साफ झालं नाही, आणि यावर त्याने आजवर उत्तर दिलेलं नाही. तुमच्या घरी कोणी असंच अडून बसलं असेल तर ते दोन ग्लास करून दाखवा.

पावडरीचं म्हणाल तर आधी डब्यावर आत काय आहे ते वाचा. इन्युलिन नावाचं फायबर असेल तर ते विरघळतं पण घट्ट होत नाही. आतड्यातल्या जिवाणूंना ते आवडतं, एलडीएलवर त्याचा भरवसा धरू नका. इसबगोल असेल तर चालेल. ते फारसं आंबत नाही, शेवटपर्यंत पाणी धरून ठेवतं, म्हणून कडक शौच मऊ होते आणि पातळ शौच बांधली जाते. तरी माझं मत विचाराल तर पहिला मान कडधान्यांना. त्यांच्यातलं फायबर जिवाणू आंबवतात, त्यातून ब्युटिरेट नावाचं एक मेदाम्ल तयार होतं आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यावर जगतात. शिवाय प्रथिनं मिळतात ती वेगळीच.

आणि हो, एकदम सुरू करू नका, गॅसने हैराण व्हाल. थोडं थोडं वाढवा. इसबगोल भरपूर पाण्यातून लगेच प्या, दोन घोटांवर घेतलं तर ते घशातच फुगून अडकू शकतं. गिळायला त्रास असेल किंवा आतडं कुठे अरुंद झालेलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. बाकीची औषधं आणि इसबगोल यांत दोनेक तासांचं अंतर ठेवा, थायरॉइडची गोळी असेल तर वेळ डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. इन्शुलिन घेणाऱ्यांनी साखर जास्त वेळा तपासावी, डोस बदलावा लागू शकतो. कोलेस्टेरॉलची गोळी ओटच्या भरवशावर आपल्या मनाने थांबवू नका.