नंबर सांगलीचा, घंटा पुण्यात

प्रश्न : आमचं माहेर सांगलीचं, कृष्णेपासून फार लांब नाही. बाबा ८३ वर्षांचे आहेत, एकटेच राहतात. आयर्विन पुलापाशी पाणी चाळीस फुटांवर गेल्याची बातमी आली की मी जाऊन त्यांना पुण्याला घेऊन येते. पण इथे आले की त्यांचा जीव त्या घरच्या फोनमध्ये अडकलेला! पेन्शनर मंडळी, जुने शेजारी, सगळ्यांच्या वहीत ०२३३ चाच नंबर आहे. न्यू जर्सीतली माझी बहीण म्हणते की ती कुठूनही फोन करून घरच्या लाइनवरचे फोन दुसरीकडे वळवते. मला पुण्यात बसून सांगलीची लाइन माझ्या मोबाइलवर वळवता येईल का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : ताई, बहीण सांगते ते खरं आहे. अमेरिकेत घरच्या फोनवर स्टार ७२ फिरवून डायव्हर्ट लावतात आणि स्टार ७३ ने काढतात. त्यावर वेगळी मागून घ्यायची आणखी एक सोय असते. बाहेरून एका ठरावीक नंबरला फोन करायचा, स्वतःच्या घरचा नंबर आणि पिन द्यायचा आणि मग तोच हुकूम सोडायचा. म्हणजे घराला कुलूप लावून विमानात बसल्यावर आठवलं तरी बिघडत नाही. आपल्याकडे घरगुती लाइनवर नेहमी जी सोय मिळते ती हुकूम घेते त्याच लाइनवरून. तेव्हा बाबांना आणायला जाल तेव्हाच, कुलूप लावण्याआधी, हे काम उरकायचं.

विसरलातच, तर ज्यांच्याकडे किल्ली आहे त्या शेजाऱ्यांना सांगा. नाहीतर बाबांच्या सहीचा अर्ज आणि ओळखपत्र घेऊन ग्राहक सेवा केंद्रात विचारा. लाइन त्यांच्या नावावर आहे, त्यामुळे तुमच्या शब्दावर कुणी काही करणार नाही, करूही नये. सोय लाइनवर चालू आहे का, हेही तिथेच कळेल. आकडे मी इथे मुद्दाम छापत नाही. ते एक्स्चेंजच्या यंत्रावर ठरतात, आणि एका गावचा आकडा दुसऱ्या गावात चालेलच असं नाही. आकड्यात स्टार किंवा हॅश असेल तर बाबांच्या फोनच्या बुडाशी पी-टी असं बारीक बटण आहे का बघा. ते टी वर हवं. पी वर असलं तर स्टार दाबून बोट दुखेल, पुढे काही जाणार नाही.

आता पुराचं. टेलिफोन खात्यातली माझी निम्मी नोकरी एमडीएफच्या खोलीत गेली. गावातल्या प्रत्येक घराची तार जिथे येऊन टेकते ती ही खोली. तिथे आलेल्या लोकांना एक गोष्ट पटवताना माझ्या नाकी नऊ यायचे : डायव्हर्ट तुमच्या फोनमध्ये लागत नाही, एक्स्चेंजमध्ये लागतो. येणारा फोन तिथूनच वळतो, तुमच्या घरापर्यंत तो जातच नाही. त्यामुळे गल्लीतली केबल पाण्याखाली गेली, फोन मुका झाला, तरी एक्स्चेंज कोरडं आणि चालू आहे तोवर घंटा पुण्यात वाजणार. एक्स्चेंजच बसलं तर मात्र इलाज नाही. फायबरची लाइन असेल तरी हेच. घरातला डबा विजेअभावी बंद पडला म्हणून लावलेला डायव्हर्ट उतरत नाही. फक्त तो ‘सगळे फोन’ असा लावा. ‘उचलला नाही तर’ आणि ‘एंगेज असेल तर’ हे प्रकार घरात माणूस असतानाचे.

एक शून्य विसरू नका. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कुठल्याही मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावं लागतं, आणि वळवतानाही तुमची लँडलाइनच मोबाइलला फोन करत असते. त्याच महिन्यात आम्ही मुलीकडे गेलो होतो. निघताना मी मोठ्या दिमाखात डायव्हर्ट लावला, शून्याशिवाय. दोन दिवस एकही फोन नाही. तिसऱ्या दिवशी साडू दारात हजर : "तुमच्या नंबरवर ती बाई सारखी काहीतरी सांगते, म्हणून बघायला आलो." तीस वर्षं टेलिफोनात काढलेला माणूस! बायको अजून हा किस्सा पाहुण्यांना सांगते.

म्हणून लावल्यावर तपासा, पण स्वतःच्या मोबाइलवरून नको. तुम्ही सांगलीला लावलेला फोन वळून तुमच्याच मोबाइलवर येतो, तो तर बोलण्यात गुंतलेला, आणि एंगेजचा आवाज ऐकून तुम्हाला वाटणार की बिघडलं. तिसऱ्या कुणाला तरी करायला सांगा. तुमच्या मोबाइलवरून बाबांच्या लाइनवर काही वळवलेलं असेल तर तेही आधी काढा, नाहीतर फोन दोघांत टोलवला जाईल.

पैशांचं म्हणाल तर सांगली ते पुणे हा दुसरा टप्पा बाबांच्या बिलात मोजला जातो. अमर्याद कॉलचा प्लॅन असला तर विचारच नको. बहिणीच्या अमेरिकेतल्या नंबरावर मात्र वळवू नका. त्यासाठी लाइनवर आयएसडी लागतं, आणि प्रत्येक ‘काय, कसे आहात’चे पैसे बाबांना पडतील.

आणखी एक, बाबांना नीट बसवून सांगा. "टेलिफोन ऑफिसातून बोलतोय, अमुक आकडा फिरवा" असा फोन आला तर ठेवून द्यायचा. मोबाइलवर स्टार ४०१ ने सुरू होणारा आकडा लोकांकडून फिरवून घेऊन त्यांचे फोन भामटे स्वतःकडे वळवून घेत होते. फोनवर येणारा बँकेचा ओटीपीही मग त्यांच्याच कानात. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून मोबाइलवरची ही आकडे फिरवून वळवण्याची सोय बंद करायला लावली ती याचसाठी. डायव्हर्ट कधी लावायचा, हे घरातल्याच माणसाने ठरवायचं.

परतल्यावर काढायला विसरलात तर लगेच कळत नाही, कारण घरून लावलेले फोन व्यवस्थित लागतात, फक्त येत नाहीत. बाबा चार दिवस वाट बघून म्हणतील, लोक विसरले मला. रिसीव्हर उचलल्यावर डायल टोन नेहमीपेक्षा तुटक येतो का बघा. बऱ्याच एक्स्चेंजांत डायव्हर्टची ती खूण असते.

आणि निघताना फोनचं यंत्र वायर काढून माळ्यावर ठेवलंत तरी चालेल. डायव्हर्टला त्याची गरज नाही.