कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली (एल ४–एल ५) चकती (डिस्क) सरकल्यावर एल ५ चीच नस का दबते?

विद्यार्थी मानेतला नियम कमरेला लावतात, म्हणून कोणती नस दबते याचा गोंधळ होतो. मानेत मणके ७ आणि नसांच्या जोड्या ८ असल्यामुळे सी १ ते सी ७ या नसा (सी म्हणजे मानेचा भाग) आपापल्या मणक्याच्या वरून बाहेर पडतात, सी ८ ही सी ७ आणि टी १ (छातीचा पहिला मणका) यांच्या मधून निघते आणि तिथून खाली प्रत्येक नस आपल्या मणक्याच्या खालून निघते. कमरेत एल ४ ची नस दोन मणक्यांमधल्या छिद्राच्या वरच्या भागातून, चकतीच्या पातळीच्या आधीच, बाहेर पडलेली असते. मागे आणि किंचित बाजूला फुगलेली चकती मात्र खाली उतरणाऱ्या एल ५ नसेच्या मुळावर दाब आणते. त्यामुळे पायाचा अंगठा वर उचलण्याची ताकद घटते आणि पावलाचा वरचा भाग बधिर होतो. चकती थेट छिद्रात किंवा त्याच्या बाहेर सरकली, तर एल ४ दबते.

नसेचे आवरणच दुखावले असेल तर ती सहसा काही आठवड्यांत सावरते, पण अक्षतंतू (नसेतला संदेश वाहणारा धागा) तुटला असेल तर तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर या गतीने वाढतो.

प्रौढांमध्ये मज्जारज्जू बहुधा एल १–एल २ जवळ संपतो आणि त्याखाली नसांचा जुडगा असतो. लघवी अडणे, जांघेचा व गुदद्वाराभोवतीचा भाग बधिर होणे, ही तो जुडगा दबल्याची लक्षणे आहेत. अशा रुग्णाच्या मणक्याला हात न लावता त्याला तत्काळ रुग्णालयात पाठवावे.